ओलरोधक लेप: तीन भिंती, नऊ महिने

डोंबिवलीतील आमच्या घराच्या आतल्या भिंतींना मी मे २०२४ मध्ये दोन घटकांचा ओलरोधक लेप लावून घेतला. पिशवीतली सिमेंटयुक्त भुकटी आणि कॅनमधले दुधासारखे पॉलिमर एकत्र कालवून ब्रशने दोन हात द्यायचे, असा हा प्रकार असतो. त्याला आता नऊ महिने झाले असून मधला संपूर्ण पावसाळा या लेपाने पाहिला आहे. त्याआधी काही लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण उन्हाळ्यात लावलेला कोणताही लेप पाऊस सुरू होईपर्यंत चांगलाच दिसतो.

आमची इमारत १९९८ ची आहे. रंगाचे पोपडे तीन ठिकाणी निघत होते: दिवाणखान्यात, बाथरूमला लागून असलेल्या पॅसेजच्या भिंतीवर आणि झोपण्याच्या खोलीच्या पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीवर. रंगाऱ्याचा सल्ला सरळ होता, “काका, सगळीकडे लेप मारून टाकू, परत बघायला नको.” सुदैवाने खरवडायला सुरुवात झाल्यावर मी गळून पडलेले पोपडे उलटे करून पाहिले. पोपड्याची पाठ बरेच काही सांगते. दिवाणखान्यातल्या पोपड्यांच्या पाठीला हाताला लागणारी कोरडी पांढरी पूड होती आणि भिंत मात्र कोरडी ठणठणीत होती. म्हणजे जुन्या डिस्टेंपरवर (पाण्याने निघणाऱ्या खडूसारख्या स्वस्त रंगावर), तो न काढताच, कोणीतरी प्लॅस्टिक इमल्शनचा रंग चढवला होता आणि खालचा भुसभुशीत थर वरच्या रंगाला धरून ठेवू शकत नव्हता. पश्चिमेच्या भिंतीवरच्या पोपड्यांना गिलाव्याची वाळू चिकटून आली आणि मागे मिठासारखे स्फटिक चमकत होते. भिंतीतून मुरत येणारे पाणी विटा व सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते, पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक रंगाखाली वाढतात आणि तेच रंगाला आतून उचलतात. अशा भिंतीवर नवी पुट्टी फासणे म्हणजे पुढच्या वर्षीचे पोपडे आजच विकत घेणे होय.

दिवाणखान्यासाठी लेपाची गरजच नव्हती. डिस्टेंपर ओल्या फडक्याने पूर्ण धुऊन काढला, प्रायमर दिला, रंग दिला. आजवर एक टवकाही उडालेला नाही.

पॅसेजच्या भिंतीचे पाणी बाथरूममधून येत होते. तेथे आधी भिंतीतला गळका सांधा प्लंबरकडून दुरुस्त करून घेतला, टाइल्सचे सांधे नव्याने भरले आणि दीड महिना भिंत उघडी ठेवून सुकू दिली. मधल्या काळात प्लॅस्टिकचा एक चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून ठेवत असे. दोन दिवसांनी त्याच्या भिंतीकडच्या बाजूला दव धरले नाही, तेव्हाच लेपाला परवानगी दिली. या भिंतीच्या खालच्या भागावर जुना ऑइलपेंट होता. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये काय असेल याची खात्री नसते. शिशाची विषारी धूळ उडू नये म्हणून तो भाग कोरडा न घासता पाणी मारत मारत खरवडला आणि नातीला आठवडाभर तिच्या आत्याकडे पाठवले. रंगाऱ्याला हे अति वाटले; मला अजूनही वाटत नाही.

लेप लावण्याबद्दल दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. कालवलेले मिश्रण लवकर घट्ट होऊ लागते, म्हणून एका वेळी थोडेच करावे. आणि पहिल्या हातापूर्वी भिंत पाण्याने ओलवावी लागते, ज्याचा ओल घालवायला निघालेल्या माणसाला जरा रागच येतो. पण कोरडा गिलावा लेपातले पाणी शोषून घेतो आणि मग लेप नीट धरत नाही.

पॅसेजची भिंत आज उत्तम आहे. मात्र तिच्या एका टोकाला, कपाटामागे, लेप संपल्यामुळे साधारण एक फूट पट्टी नुसत्या पुट्टी-प्रायमरवर सोडली होती. तीही तितकीच उत्तम आहे. तेव्हा या यशाचे श्रेय लेपाला द्यावे की प्लंबरला, याचे उत्तर मी मनाशी देऊन ठेवले आहे.

पश्चिमेच्या भिंतीने लेपाची खरी परीक्षा घेतली. बाहेरच्या गिलाव्याला खिडकीपासून खाली गेलेली भेग होती. ती भरण्यासाठी परांची बांधायला सोसायटीला पावसाळ्यापूर्वी जमले नाही आणि मी आतून लेप लावून वेळ निभावू पाहिली. जुलैच्या मध्यापर्यंत सर्व ठीक होते. नंतर लेपाची कड जेथे संपत होती, तेथून हातभर वर आणि बाजूच्या कॉलमच्या कोपऱ्यात, जेथे पूर्वी कधीच ओल नव्हती तेथे, डाग उमटले. ऑगस्टमध्ये भिंतीवर बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज येऊ लागला. गंमत अशी की लेप गिलाव्यापासून सुटला नव्हता. त्याची पकड इतकी चांगली होती की गिलावाच विटेपासून सुटून लेपासकट फुगला. डब्यावर सात वर्षांची हमी छापलेली आहे, पण बाहेरून पाणी येत असल्यास ती लागू नाही, असे विक्रेत्याने फोनवर शांतपणे सांगितले. पाणी येत नसते तर मी हा डबा कशाला घेतला असता, हे विचारायचे राहून गेले.

बाहेरची भेग नोव्हेंबरमध्ये भरली गेली. आतला फुगलेला भाग विटेपर्यंत फोडून नवा गिलावा केला आहे, त्यावर उमटणारे क्षार दर पंधरा दिवसांनी कोरड्या ब्रशने झाडतो (पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत मुरतात), आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा कमी निघत आहेत. येत्या पावसाळ्यात ती भिंत कोरडी राहिली तर दसऱ्याला साधा प्रायमर आणि रंग देईन. तोवर गिलावा उघडाच आहे आणि झोपण्याच्या खोलीतले कपाट या भिंतीपासून चार इंच पुढे ओढून ठेवले आहे.