चिलखत फिटिंगला दिलं आणि ३६,५८९ रुपयांना बुडाले

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. नवऱ्यालासुद्धा पूर्ण आकडा परवा सांगितला. पण काल आमच्या नाटकाच्या ग्रुपवर एका मुलीने मला फसवलं त्याच माणसाचा नंबर टाकून "यांच्याकडून कोणी काम करून घेतलंय का" असं विचारलं आणि मग गप्प बसवेना.

मी हौशी नाटकात ताराराणी करते. २०१९ ला खऱ्या चामड्याचं चिलखत बनवून घेतलं होतं, १८,५०० रुपयांचं, तेसुद्धा भिशीच्या पैशातून. कोल्हापुरी चपलेला वापरतात तसं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं जाड चामडं, छाती आणि पाठ असे दोन तुकडे, दोन्ही बाजूंना तीन-तीन बकल. बाळंतपणानंतर छातीचं माप ३४ चं ३८ झालं, पट्टा शेवटच्या भोकापर्यंतसुद्धा पोचेना. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचा प्रयोग, ज्या काकांनी बनवलं होतं ते लॉकडाऊननंतर दुकान बंद करून गावी गेलेले, त्यांचा फोन लागत नाही आणि घरात आठ महिन्यांचं बाळ. दुकानं पालथी घालायला मी जाणार कधी? म्हणून ऑनलाइन शोधलं. सगळेच शोधतात.

पेज कसं असतं ते तुम्हाला माहितीये. आधीचे-नंतरचे फोटो, खूश गिऱ्हाइकांचे मेसेज, दर दोन दिवसांनी नवीन पोस्ट. सगळे फोटो ढापलेले होते हे नंतर कळलं. फोनवर इतका गोड, "ताई, टेन्शन घेऊ नका, ताराराणींचं काम म्हणजे आपलं घरचं काम". ६,५०० सांगितले, अर्धे म्हणजे ३,२५० आधी. मी पाठवले, आणि ६४० रुपये कुरियरला घालून चिलखतही पाठवलं.

आता जिथे मी थांबायला हवं होतं ते सांगते, कारण रात्री बाळाला दूध पाजताना रोज हेच डोक्यात येतं. मी विचारलं चार इंच कसे वाढवणार, तर म्हणाला "उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करतो आणि ताणतो". उकळत्या पाण्यात! असं चामडं उकळत्या पाण्यात आक्रसतं, कडक होतं, मग तडकतं. कोमट पाण्यात भिजवून त्याला आकार देतात, आणि तेही थोडासाच, चार इंच कधीच नाही. हे मला माहीत होतं! काकांनी माझ्यासमोर छातीचा आकार तसाच काढला होता, मी दोन तास स्टुलावर बसून बघितलं होतं. तरी मनात म्हणलं, यांची वेगळी पद्धत असेल. आणि त्याने माप फक्त छातीचं मागितलं. कंबर नाही, खांदा ते कंबर उंची नाही, आत अंगरखा किती जाड हे नाही, बसल्यावरचं माप तर नाहीच. चिलखत करणारा माणूस तुम्हाला खाली बसवून माप घेतो, नाहीतर खालची कड मांडीत रुतते आणि खांदे वर कानापर्यंत येतात. जो हे विचारत नाही त्याने आयुष्यात चिलखत शिवलेलं नाही, तिथेच फोन ठेवा.

आठ दिवसांनी तडकलेल्या चामड्याचा व्हिडिओ आला, "ताई तुमचा माल जुना होता, पुढचा भाग नवीन घालावा लागेल, ४,८०० होतील". व्हिडिओत नुसता एक कोपरा दिसत होता, पूर्ण तुकडा दाखव म्हणायचं मला सुचलं नाही. पाठवले. मग पितळी बकलांचे १,१५०. मग पार्सल सोडायच्या आधी उरलेले ३,२५०. प्रयोगाला नऊ दिवस राहिलेले, तालमी चालू, तुम्ही काय केलं असतं?

पार्सल उघडलं तर आत फोमवर चिकटवलेलं रेक्झिन. कापलेल्या कडेला मागचं कापड स्वच्छ दिसत होतं, पाण्याचा थेंब टाकला तर तसाच घरंगळला. माझ्या चामड्यावर थेंब पडला की लगेच मुरून काळा डाग पडायचा. माझा एक तुकडासुद्धा परत आला नाही, जुने बकलही नाहीत.

मी खूप बोलले त्याला. तो शांतपणे म्हणाला रिफंड देतो, कोड पाठवलाय, स्कॅन करा. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पैसे यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं, आईला मीच शिकवलंय. रात्रीचा एक वाजलेला, बाळ रडतंय, मी पिन टाकला आणि ४,९९९ गेले. त्याला दिलेले आणि कुरियरचे मिळून १८,०८९, आणि वर माझं १८,५०० चं चिलखत.

लाजेमुळे मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, दुसऱ्या दिवशी फोन केला. तुम्ही असं करू नका, त्याच मिनिटाला करा, रडत का होईना करा. त्यांनी तक्रार घेतली पण फक्त ४,९९९ ची, बाकीचे "तुम्ही कामाचे म्हणून दिलेत". बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलात, विषय संपला. पोलीस ठाण्यात दीड तास बाळाला मांडीवर घेऊन बसवलं आणि मग साहेब म्हणाले, "मॅडम, जाकीट शिवायला दिलं, बिघडलं, यात फसवणूक कुठे, ग्राहक मंचात जा". मी म्हणलं वस्तू परतच दिली नाही, हा विश्वासघात नाही का, न्याय संहितेचं कलम ३१६ आणि ३१८ वाचून आलेय. तर म्हणाले माणूस आमच्या हद्दीतला नाही. जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ खाली हद्द न बघता तक्रार नोंदवावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात ते, हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं. मग "मोठे साहेब आले की या". चार वेळा गेले, मोठे साहेब भेटले नाहीत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही म्हणून तिकडे वळले, तर समोरच्याचा पत्ता हवा. कुरियरच्या पावतीवरचा पत्ता मोबाइल रिचार्जच्या दुकानाचा निघाला, दुकानदार म्हणतो इथे कोणीही पार्सल ठेवतं. ज्याने पत्ता लपवला त्याचा पत्ता मी आणायचा, आणि ज्यांना एका नंबरवरून तो काढता येतो ते तक्रारच लिहून घेत नाहीत. कोणाकडे जायचं बाईने?

प्रयोगात मी भाड्याचं चिलखत घातलं. स्टेशनजवळ चपला शिवणारे काका आहेत, त्यांना नंतर जुना फोटो दाखवला तर म्हणाले छातीला हात लावायचाच नाही, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांची पट्टी मेणाच्या दोऱ्याने शिवायची आणि बकलांच्या जागी नाडी घालायची, पुढे माप बदललं तरी चालतं. १,२०० रुपये, दोन दिवस. घरापासून सात मिनिटांवर.

काम देताना वस्तूच्या आतल्या बाजूचे फोटो काढून ठेवा. माझ्याकडे आहेत, म्हणून परवा त्याच्याच दुसऱ्या पेजवर "भाड्याने मिळेल" म्हणून टाकलेलं माझं चिलखत ओळखता आलं. अख्खं आहे, कुठेही तडकलेलं नाही. डाव्या खांद्याखाली तलवार घासून पडलेला बोटभर तिरका ओरखडा, आणि पाठीच्या आत गळ्याजवळ आरीने टोचून काढलेला "ता". कोणाला हे भाड्याने किंवा विकत देऊ केलं तर पैसे देऊ नका, फोटो काढा आणि आधी मला कळवा.