‘दोन्ही कानांत येतंय ना? मग स्टिरिओच!’

गणपती-नवरात्राच्या सुपाऱ्या ठरायला लागल्यात, म्हणून आत्ताच लिहितोय. इन-इयर म्हणजे स्टेजवर वाजवणाऱ्याला स्वतःचा आणि इतरांचा आवाज ऐकवणारे इयरफोन. एका साउंडवाल्याने आमच्याकडून स्टिरिओ इन-इयरचे, म्हणजे डाव्या-उजव्या कानात वेगवेगळ्या आवाजाचे पैसे घेतले आणि गळ्यात मारलं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. नंतर चौकशी केली तर ओळखीच्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रालाही अगदी असाच अनुभव आलेला निघाला.

आमचा आठ जणांचा संच आहे: दोन गायक, गिटार, बास, सॅक्स, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि कीबोर्डवर मी. साउंडवाला फोनवर म्हणाला, “सर, आठही जणांना स्वतंत्र स्टिरिओ मिक्स देतो, म्हणजे कुणाचा आवाज किती हवा ते ज्याचं त्याला वेगळं. ज्याचं त्यानं मोबाइलवर लावून घ्यायचं.” साध्या इन-इयरपेक्षा माणशी दीड हजार जास्त, म्हणजे आठ जणांचे बारा हजार वर. एकूण बिलाचे निम्मे पैसे आधीच दिले.

बारा हजार कशासाठी, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. कानात आठ जणांचा आवाज एकाच ठिकाणाहून आला की सगळे एकमेकांवर बसतात. स्वतःचं ऐकू येईना म्हणून आपण स्वतःला वाढवतो, मग गायक ऐकू येईना म्हणून त्याला, आणि तासाभरात कानाचं भजं होतं. स्टिरिओत प्रत्येकाला बाजूला सरकवता येतं. गायक, बास आणि क्लिक (तालाची टिकटिक) मध्ये, गिटार उजवीकडे, सॅक्स डावीकडे, ढोलकी स्टेजवर ज्या बाजूला बसते त्या बाजूला. कीबोर्ड तर मुळातच दोन चॅनेलचा. पियानोचे खालचे स्वर डावीकडून आणि वरचे उजवीकडून येतात. मी माझ्या मिक्समध्ये ते अगदी टोकाला नेत नाही, घड्याळाच्या दहा आणि दोनवर ठेवतो. पूर्ण टोकाला नेलं आणि एखादा इयरफोन कानातून निसटला की अर्धा पियानो गायब. गिटारवाला मात्र माझे दोन्ही चॅनेल एकाच बाजूला ढकलून मोकळा होतो, आणि त्याच्यासाठी तेच बरोबर आहे.

साउंडचेकला पहिली शंका आली ती मोबाइलवर. पॅनची, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवायची पट्टी हलवली तरी कानात काही हलेना. विचारल्यावर साउंडवाल्या मालकाचं उत्तर: “पॅन लॉक केलंय सर, नाहीतर वायरलेसची फ्रिक्वेन्सी हलते.” पॅनचा आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीचा काडीचा संबंध नाही. पण हे तो इतक्या सहज बोलला की दोघा-तिघांनी मान डोलावली.

माझ्याकडे एक इलेक्ट्रिक पियानोचा पॅच (कीबोर्डमधला तयार आवाज) आहे, जुन्या सुटकेस पियानोसारखा. त्यातला आवाज सतत डाव्या कानातून उजव्या कानात झुलत राहतो. हेडफोन थेट कीबोर्डला लावून वाजवला तर व्यवस्थित झुलत होता. तोच पॅच इन-इयरमध्ये ऐकला तर जागच्या जागी उभा. कारण सरळ आहे: डावीकडे जेवढा कमी होतो तेवढाच उजवीकडे वाढतो, दोन्हींची बेरीज केली की झोका संपला. साध्या पियानोचीही तीच गत झाली होती. दोन चॅनेल एकत्र झाल्यावर काही स्वर एकमेकांना कापतात, त्यामुळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ लागत होता.

मग रॅकच्या मागे जाऊन पाहिलं. मिक्सरची एकच बस (एक मिक्स बाहेर नेणारी वाट), तिला वाय केबलचा, म्हणजे एकाची दोन टोकं करणाऱ्या वायरचा फाटा, एक टोक इन-इयरला आवाज पाठवणाऱ्या ट्रान्समीटरच्या डाव्या इनपुटला आणि दुसरं उजव्या. आठही ट्रान्समीटर असेच. समोरून पाहणाऱ्याला दोन्ही मीटर हलताना दिसतात, डिस्प्लेवर ‘स्टिरिओ’ लिहिलेलं दिसतं, झालं समाधान. नीट पाहिलं तर दोन्ही मीटर एकाच मापाने वरखाली होत होते. अस्सल स्टिरिओत कीबोर्ड एकटा वाजत असताना असं सहसा होत नाही.

मालकाला हे दाखवलं तर तो म्हणतो, “दोन्ही कानांत येतंय ना? मग स्टिरिओच की!”

खरं तर खोटेपणा आकड्यांतच होता. त्याचा मिक्सर बेहरिंगर एक्स ३२, म्हणजे १६ मिक्स बस. एका स्टिरिओ मिक्सला दोन लागतात, तर आठ जणांना सोळा. मग गायकांच्या रिव्हर्ब-डिलेला (आवाजाला घुमारा आणि प्रतिध्वनी देणारे इफेक्ट्स) बस कुठून आणणार होता? हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मिक्सरवरच्या पोराचा यात दोष नाही, मालकाने गाडीत जे भरून दिलं ते त्याने जोडलं.

कार्यक्रम तसाच उरकला. गायकांनी कमरेच्या पॅकचा (इयरफोन जोडलेल्या रिसीव्हरचा) आवाज इतका वाढवला होता की मला त्यांच्या कानांची काळजी वाटत होती. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस सांगते, ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आमचा कार्यक्रम तीन तासांचा.

पैशांचं म्हणाल तर बिलावर लिहिलं होतं ‘इन-इयर सिस्टिम, ८ नग’. स्टिरिओ हा शब्द कुठेच नाही, कारण तो फक्त फोनवर बोलला गेला होता. आम्ही उरलेल्या रकमेतून बारा हजार कापले. तो आयोजकांपर्यंत गेला, बरीच आदळआपट झाली, शेवटी वाय केबलचे फोटो दाखवल्यावर गप्प बसला. फोटो नसते तर आम्हीच पैसे बुडवणारे ठरलो असतो.

आता मी बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सॲपवर लेखी मागतो: किती स्टिरिओ मिक्स, मिक्सर कोणता, प्रत्येक ट्रान्समीटरला मिक्सरमधून दोन वेगळ्या लाइन येणार का. साउंडचेकला झुलणारा पॅच आधी वाजवतो. तो झुलला नाही तर लगेच आरडाओरडा करू नका. कीबोर्डची एकच जॅक लावलेली असू शकते, बस जोडीने लिंक केलेली नसेल, ट्रान्समीटर मोनोवर असेल, किंवा कमरेचा पॅक ‘फोकस’ नाहीतर ‘मिक्समोड’वर असेल. त्या मोडमध्ये पॅक स्वतःच दोन्ही बाजू एकत्र करतो. ही सगळी दोन मिनिटांची दुरुस्ती आहे. वाय केबल दिसली तर मात्र फोटो काढा.

सगळ्यांना स्टिरिओ लागतंच असंही नाही. आमचा बासवाला मोनोवर खूश आहे. परवा एका साउंडवाल्याने स्वतःहून सांगितलं, “चौघांना स्टिरिओ देतो, बाकीच्यांना मोनो, पैसेही तसेच लावतो.” बारा बस झाल्या, चार इफेक्ट्सना उरल्या, हिशेब जुळला. नवरात्राच्या सुपाऱ्या त्याला दिल्यात.