अख्खं विमान की त्यातली यंत्रणा? स्वीडन, इस्रायल, सिंगापूर

लहान देशाला शस्त्रं स्वतः बनवून जगाला विकायची असतील तर कुणाचा कित्ता गिरवावा? या तिघांकडे बघताना मी आधी एकच विचारतो: इंजिन कुणाचं?

स्वीडनने अख्खं विमान घडवायचं ठरवलं. लोकसंख्या आजही एक कोटीच्या थोडी वर, पण १९३७ साली सुरू झालेल्या साब कंपनीने ड्राकेन, विगेन, ग्रिपेन अशी पिढ्यान्‌पिढ्या लढाऊ विमानं बनवली. ग्रिपेन साध्या रस्त्याच्या सरळ पट्ट्यावर उतरतं. एक तंत्रज्ञ आणि सक्तीच्या लष्करी सेवेतली पाच पोरं त्यात इंधन भरतात, क्षेपणास्त्रं चढवतात आणि दहा मिनिटांत विमान पुन्हा हवेत. युद्धात हवाई तळ पहिल्या दिवशीच उद्ध्वस्त होतील, हे धरूनच ते आखलंय. शिवाय घरचं गिऱ्हाईक पक्कं: स्वीडनने स्वतःसाठीच दोनशेच्या वर ग्रिपेन मागवली.

अडलं ते इंजिनापाशी. विगेनचं इंजिन मूळ अमेरिकी रचनेवर बेतलेलं. १९७८ मध्ये भारताला विगेन विकायला अमेरिकेने परवानगी नाकारली आणि आपण जग्वार घेतली. ग्रिपेनचं इंजिनही जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातलं आहे.

इस्रायल ठेचा खात शिकला. पैसे भरलेली ५० मिराज विमानं फ्रान्सने १९६७ च्या युद्धाच्या सुमारास अडकवली. मग स्वतःचं क्फिर आलं, त्यातही अमेरिकी इंजिन. १९७७ मध्ये इक्वेडोरचा सौदा त्यापायीच फिसकटला. पुढचं लावी ३१ डिसेंबर १९८६ ला उडालं आणि ३० ऑगस्ट १९८७ ला मंत्रिमंडळाने १२ विरुद्ध ११ मतांनी गुंडाळलं. हजारो माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत एका मताने थांबली, हे वाचताना आजही पोटात तुटतं. तरी निर्णय बरोबरच होता. ती बुद्धी ड्रोन, रडार, क्षेपणास्त्रांकडे वळली. दुसऱ्याच्या विमानावरही बसेल असा माल तयार झाला. मात्र पाठीशी अमेरिकी मदत होती, हे विसरू नका. २०१९ ते २०२८ साठीच ती ३८ अब्ज डॉलर ठरली आहे.

सिंगापूरने १९६७ मध्ये रायफलच्या गोळ्यांपासून सुरुवात केली. लढाऊ विमानं तो आजही विकतच घेतो. देखभाल आणि सुधारणा मात्र घरी शिकला.

घरच्या हवाई दलाची शे-दोनशे विमानांची मागणी वीस वर्षं टिकणार असेल, तरच स्वीडनच्या वाटेला जावं. नवख्याने सिंगापूरसारखं दारूगोळा-दुरुस्तीपासून हात बसवावा. रडार-सॉफ्टवेअर जाणणारी माणसं हाताशी असतील तर मी १९८७ नंतरचा इस्रायल निवडेन. आणि विमानच करायचं असेल, तर आराखड्याआधी इंजिनाच्या करारातलं निर्यातीचं कलम वाचून घ्या.