आळशी डोळ्याची पट्टी: आठेक महिन्यांच्या वापरानंतर

लेकीच्या उजव्या डोळ्याला रोज पट्टी लावतोय, त्याला आता आठेक महिने होतील. थेट कातडीला चिकटणारी आणि चष्म्यावर चढवायची कापडी, दोन्ही वापरून झाल्या. ज्यांच्या फाइलवर नुकतंच 'अँब्लिओपिया', म्हणजे आळशी डोळा, लिहून मिळालंय, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

लेक पाच वर्षांची. डोळे सरळ, तिरळेपणा नाही, टीव्हीला नाक लावून बसणं नाही. तपासणीत एकेक डोळा झाकून वाचायला लावलं, तेव्हा डाव्या डोळ्याने तिला फक्त वरची मोठी चित्रं सांगता आली. थेंब घालून, बाहुली मोठी करून नंबर काढला: उजवा प्लस १, डावा प्लस साडेचार. दोन्ही डोळे उघडे ठेवून अशी मुलं सगळं नीट वाचतात, त्यामुळे आईबापांना काही कळायला मार्गच नसतो. शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा एकेक डोळा वेगळा तपासून घ्याच.

यात बहुतेक वेळा डोळा आतून ठणठणीत असतो. एका डोळ्याकडून सतत पुसट चित्र आलं की मेंदू दुसऱ्याचंच ऐकायला लागतो आणि पुसट डोळा वापरायला शिकतच नाही. तिरळेपणा, डोळ्यावर उतरलेली पापणी, जन्मजात मोतीबिंदू यांमुळेही हेच होतं. म्हणून पट्टी चांगल्या डोळ्यावर. "अगं, धडका डोळा कशाला बांधतेस पोरीचा?" हे सासूबाईंनी कितीदा विचारलं असेल! त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत नेलं, तेव्हापासून पट्टीची आठवण त्याच करतात.

सुरुवातीला नुसता चष्मा होता, झोपेपर्यंत डोळ्यांवर. काही मुलांचं तेवढ्यानेच भागतं. आमची डाव्या डोळ्याची नजर ६/३६ वरून ६/२४ वर आली (खालचा आकडा जितका लहान तितकी नजर चांगली, ६/६ म्हणजे नॉर्मल) आणि तिथेच अडली, तेव्हा पट्टी सुरू झाली, रोज २ तास. एवढ्याने काय होणार, असं वाटलं होतं. पण मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यात २ तास आणि ६ तास पट्टीने जवळपास सारखाच फरक पडतो, असं अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दोष जास्त असेल तर तास जास्त लागतात. मनाने तास वाढवू नका. झाकलेल्या डोळ्याची नजरही उतरू शकते, म्हणून ठरलेल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

आता पट्ट्यांबद्दल. कापडी पट्टी दिसायला गोड, धुता येते, स्वस्त पडते. पण नाकाच्या बाजूला फट राहते आणि मुलं फार हुशार असतात. आमची लेक मान किंचित वळवून त्या फटीतून उजव्या डोळ्यानेच चित्र रंगवायची. मान वाकडी दिसली की समजा, पट्टी फुकट चाललीय. चिकटपट्टीत ही पळवाट नाही, आणि तिच्यावरून चष्मा नेहमीसारखा घालता येतो. त्रास उन्हाळ्यात होतो: घामाने कडा सुटतात, खाली कातडी लाल होते. आम्ही वेळ सकाळची केली, काढताना कडा ओल्या कापसाने भिजवल्या, तेल मात्र रात्री लावलं, कारण तेलकट कातडीला दुसऱ्या दिवशी पट्टी धरत नाही. लहान मुलांचा आकारच मागून घ्या. मोठा भुवईवर चिकटतो आणि काढताना केस ओढले जातात. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात चिकटपट्टीनेच करा.

त्या दोन तासांत जवळून बघायचं काम दिलं की वेळही बरा जातो. आमच्याकडे सगळ्यात चाललेला खेळ म्हणजे जुन्या वर्तमानपत्रातल्या सगळ्या 'क'ला पेन्सिलीने गोल करायचा. आधी फक्त मथळ्यातले 'क' सापडायचे. पुढे ती बातमीच्या बारीक अक्षरांत शिरली. मणी ओवणं, मटार सोलणं, ठिपके जोडणं हेही चालतं. पहिल्या आठवड्यांत मूल चिडतं, रडतं, कारण त्याला खरंच कमी दिसत असतं. तेव्हा जिना आणि सायकल टाळा, जवळ बसा.

पट्टी अजिबात सोसत नसेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून त्याला तात्पुरतं पुसट करतात. मध्यम दोषात तो उपायही पट्टीच्या तोडीचा ठरलाय, तुमच्या डॉक्टरांना विचारा. सात वर्षांच्या आत गुण लवकर येतो. मूल त्याहून मोठं असेल तरी प्रयत्न सोडू नका, सात ते बारा वयातल्या बऱ्याच मुलांनाही फरक पडतो.

आमचा डावा डोळा आता ६/९ वर आलाय. पट्टी एकदम बंद केली तर नजर पुन्हा घसरू शकते, म्हणून डॉक्टरांनी रोजचा १ तास केलाय आणि दोन्ही डोळ्यांची तपासणी चालू ठेवलीय. चष्मा राहणारच आहे. पुढच्या तपासणीत नजर टिकलेली दिसली तर पट्टी दिवसाआड.