जेलीसाठी पेरूचा वाण निवडताना: घरगुती आणि कारखानी गरजांची तुलना

पेरूची जेली नीट धरण्यासाठी फळातील पेक्टिन, आम्लता आणि साखर या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. मिश्रणातील विद्राव्य घटक 65 टक्क्यांच्या आसपास आणि सामू साधारण 3 ते 3.4 च्या दरम्यान असला, की पेक्टिनचे जाळे तयार होते आणि रस त्यात धरून ठेवला जातो. साखर आपण मोजून घालतो आणि आम्लता लिंबाच्या रसाने वाढवता येते. परंतु घरच्या जेलीत पेक्टिन बहुधा फळातूनच मिळवावे लागते. त्यामुळे घरी जेली करणाऱ्याला फळाची निवड फार जपून करावी लागते, तर कारखानदार वाणाकडे निराळ्या कारणांसाठी पाहतो.

महाराष्ट्रातील बाजारात सहज मिळणाऱ्या वाणांपैकी घरगुती जेलीसाठी मी प्रथम सरदार, म्हणजेच लखनौ-49, सुचवेन. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात अलाहाबाद सफेदापासून निवडलेल्या या वाणाची साल किंचित खडबडीत, गर पांढरा आणि चव आंबटगोड असते. बिया थोड्या कठीण असतात, पण जेलीसाठी रस गाळूनच घ्यायचा असल्याने हा दोष येथे उरत नाही. अलाहाबाद सफेद्याचा गर अधिक मऊ आणि गोड असतो, त्याचा वासही सुरेख. त्याची जेली उत्तम होते, मात्र लिंबू थोडे सढळ हाताने घालावे लागते. याउलट व्हीएनआर बिहीसारखे मोठ्या फळांचे, करकरीत गराचे आणि कमी बियांचे वाण फोडी करून तिखटमीठ लावून खाण्यासाठीच घ्यावेत. त्यांचा भाव अधिक असतो, आणि कमी बिया किंवा करकरीतपणा या ज्या गुणांसाठी आपण पैसे मोजतो, ते रस गाळताना निरुपयोगी ठरतात.

लाल गराच्या वाणांबद्दल अनेकांचा एक गैरसमज असतो. लखनौच्या केंद्रीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा ललित किंवा बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का किरण कापल्यावर इतका देखणा दिसतो, की जेलीही तशीच लालभडक होईल असे वाटते. प्रत्यक्षात हा रंग लायकोपिनचा असतो आणि लायकोपिन पाण्यात विरघळत नाही. रस जितका स्वच्छ गाळावा तितका रंग गराबरोबर फडक्यातच राहतो. त्यामुळे ज्यांना रंग हवा आहे, त्यांनी लाल पेरूचा गर वापरून जाम करावा किंवा गोव्यातील पेराद, म्हणजे पेरूच्या गराची साखरेत आटवलेली घट्ट वडी, करावा. तेथे या वाणांचे चीज होते. पांढऱ्या गराच्या पेरूची जेलीही आम्ल व साखरेबरोबर शिजताना मधासारख्या सोनेरी रंगाकडे झुकते, आणि माझ्या मते पारदर्शक जेलीला तोच रंग शोभतो.

वाण योग्य असूनही जेली बिघडते, तेव्हा कारण बहुतेक वेळा फळाच्या अवस्थेत असते. पूर्ण पिकलेल्या पेरूत पेक्टिनचे विघटन सुरू झालेले असते. अगदी कच्च्या फळात ते मोकळे झालेले नसते आणि सुवासही नसतो. म्हणून बहुतांश फळे नुकतीच पिकू लागलेली, पण कडक, आणि थोडी गद्दर अशी घ्यावीत. पावसाळ्यातील पाणचट फळांपेक्षा मृग बहराची, थंडीत येणारी फळे जेलीसाठी निःसंशय सरस असतात.

फळ आणल्यावरही त्यातील पेक्टिनची एक परीक्षा करता येते, आणि ती न चुकता करावी. फोडी बुडतील इतक्या पाण्यात, थोडा लिंबाचा रस घालून, सुमारे अर्धा तास शिजवाव्यात आणि रस मलमलीच्या फडक्यातून न पिळता ठिबकू द्यावा. पिळल्यास जेली गढूळ होते. थंड झालेल्या चमचाभर रसात भांड्याच्या कडेने दोन चमचे स्पिरिट सोडून काही मिनिटे थांबावे. सगळा एकसंध गोळा जमला तर पेक्टिन भरपूर आहे असे समजून लिटरभर रसाला किलोभर साखर घ्यावी. दोनतीन तुकडे झाले तर पाऊण किलो, आणि नुसते बारीक कण दिसले तर अर्धा किलोच घ्यावी. हा नमुना विषारी असतो, तो चाखू नये आणि पुन्हा पातेल्यात ओतू नये.

कारखान्यात ही अनिश्चितता परवडत नाही. तेथे लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासून किंवा सफरचंदाच्या चोथ्यापासून काढलेले, ठरावीक प्रतीचे पेक्टिन घातले जाते आणि ब्रिक्स (म्हणजे विद्राव्य घटकांचे प्रमाण) व सामू उपकरणांनी मोजले जातात. रस नितळ करण्यासाठी पेक्टिनेज विकर वापरले असेल, तर फळाचे स्वतःचे पेक्टिन तुटून गेलेले असते आणि बाहेरचे पेक्टिन घालणे अपरिहार्य होते. साहजिकच अशा जेलीचे धरणे वाणावर अवलंबून राहत नाही. तरीही वाणाचे महत्त्व संपत नाही. भारतीय नियमांनुसार जेलीत फळाचे प्रमाण किमान 45 टक्के असावे लागते आणि चव व सुवास तेवढ्याच भागातून यायचे असतात. हे काम पेक्टिनची पूड करू शकत नाही. म्हणून लघुउद्योग सुरू करणाऱ्याने फळाच्या आकारापेक्षा त्याचा सुवास, आम्लता, किलोमागे निघणारा रस आणि हंगामभर सारख्या प्रतीच्या मालाचा पुरवठा यांना अधिक वजन द्यावे.

घरासाठी आठवड्याला दोनतीन बाटल्याच करायच्या असतील, तर थंडीतला सरदार घ्यावा, रुंद पातेल्यात थोडा थोडा रस आटवावा आणि वेगळ्या पेक्टिनच्या भानगडीत पडू नये. विक्रीसाठी करायची असेल, तर जेलीसाठी सरदार किंवा सफेदा आणि गरयुक्त पदार्थांसाठी ललित, अशी दुहेरी खरेदी मला शहाणपणाची वाटते. जेलीचा रस काढून झाल्यावर उरलेला गर चाळून, बिया वेगळ्या करून, लालगर पेरूंच्या गरात मिसळला तर त्याचा पेराद करता येतो आणि फळाची किंमतही अधिक वसूल होते.