कुत्रा पाण्यात पडलाय: उडी घ्यायची की काठावरूनच काढायचा?

आपला कुत्रा डोळ्यांदेखत गटांगळ्या खातोय आणि आपण काठावर उभे आहोत, ही कल्पनाच सहन होत नाही. विचार करायला तेव्हा वेळही नसतो. म्हणून पावसाळ्याआधी घरात बसून, सगळ्यांनी मिळून हे ठरवून ठेवलेलं बरं. माझं मत आधीच सांगतो. पाणी कंबरेइतकं, संथ आणि तळ माहीत असलेलं असेल तर खुशाल उतरा. बाकी कुठेही मालकाने कुत्र्यामागे उडी घेऊ नये. असं म्हणताना कुत्र्याचा जीव मी स्वस्त धरत नाही. काठावरचा माणूस त्याच्या जास्त कामाचा असतो, म्हणून म्हणतो.

उडी घेण्याच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. बुडणाऱ्या माणसाकडे दोर टाकला की तो धरतो. कुत्र्याला ते कळत नाही. दोर नाकासमोर पडला तरी तो तसाच पाय मारत राहतो. खेळताना दोरी ओढायची सवय असलेला एखादा दातात धरेलही, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे जवळ जाऊन पकडल्याशिवाय तो निघणार कसा, असं वाटणं साहजिक आहे.

पण पकडायला गेल्यावर काय होतं तेही बघा. घाबरलेला कुत्रा जवळ आलेल्या माणसावर चढतो. पुढचे पंजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर, मागच्या पायांची नखं पोटावर. तीस किलोचा लॅब्रॅडोर असं करू लागला की पट्टीचा पोहणाराही खाली जातो. शिवाय कुत्रा मालकाच्या दिशेने पोहतो. तुम्ही खोल पाण्यात शिरलात तर तो काठ सोडून तुमच्याकडे वळेल. जिथून त्याला चढता येईल अशा जागी उभं राहून रोजच्या आवाजात हाक मारलीत, तर तिकडे येईल. ब्रिटनमधली समुद्री बचावाची संस्था आरएनएलआय कुत्र्यांच्या मालकांना नेमका हाच सल्ला देते. कारण कुत्रा आपला आपण बाहेर येतो आणि त्याच्यामागे गेलेला माणूस अडकतो, असं तिकडे वारंवार घडलेलं आहे.

विहीर

बिनकठड्याच्या शेतविहिरीत कुत्रा पडणं आपल्याकडे नेहमीचं. इथलं पाणी वाहत नाही, कपारीत पाय टेकले तर कुत्रा बराच वेळ टिकतो. म्हणजे घाई करायचं कारण इथे सगळ्यांत कमी, आणि तरीही लोक इथेच पटकन उतरतात. विहीर रोजच्या उपशातली, पायऱ्यांची, पाणी स्वच्छ दिसणारी असेल तर कंबरेला दोर बांधून, वर तीन-चार माणसं दोर धरून असताना उतरणं मला मान्य आहे. पडीक विहिरीत मात्र कधीच नाही. शेण, पालापाचोळा, कचरा कुजून तिथे विषारी वायू साठतात, प्राणवायू उरत नाही, आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात मांजर काढायला एक जण अशा विहिरीत उतरला. तिचा वापर बायोगॅसच्या स्लरीसाठी, म्हणजे शेणाच्या काल्यासाठी, होत होता. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा असं करत पाच जणांचा जीव गेला. कंबरेला दोर बांधून उतरलेला एक वाचला.

वरून काढायचा उपाय गावात सगळ्यांना माहीत आहे. विहिरीत बिबट्या पडला की वन विभागाची माणसं बाज, म्हणजे खाट, सोडतात, तीच कुत्र्यालाही चालते. बाजेच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधायचे आणि ती पाण्यात जेमतेम बुडेल इतकी सोडून कुत्र्याच्या पुढ्यात आणायची. आरडाओरडा थांबवा, गर्दी मागे हटवा. दमलेला कुत्रा टेकायला जागा शोधतच असतो, तो पुढचे पाय ठेवतो, मग अंग ओढून घेतो. तो बसेपर्यंत ओढायचं नाही, आणि ओढताना चारही दोर एका लयीत. बादली काढायचा गळ कुत्र्याच्या अंगाला लावू नका, कातडी फाटते.

कालवा

आवर्तन चालू असलेला, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेला, सिमेंटचा कालवा वरून निवांत दिसतो, आणि त्यातच तो फसवतो. उतारावर शेवाळ असतं. कुत्रा पुढचे पंजे टेकतो, नखं घसरतात, पुन्हा वाहत जातो, पुन्हा टेकतो. असं दहा वेळा झालं की तो हरतो. उडी घेतलेल्या माणसाचंही तेच होतं, फक्त त्याच्या काखेत आणखी एक जीव असतो. इथे मी काठावरच राहण्याच्या बाजूने ठाम आहे, पण नुसतं उभं राहून भागत नाही. कुत्र्याच्या पुढे पळा, पूल, पायऱ्या किंवा गुरांना पाणी पाजायचा घाट गाठा आणि तिथे ताडपत्री नाहीतर जाळी उतारावर अंथरून तिचं टोक पाण्यात सोडा. त्याच्या नखांना धरायला काहीतरी मिळालं की निम्मं काम झालं. पाटकऱ्याचा, म्हणजे कालव्याचं पाणी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचा, नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

बंधारा आणि पुरातली नदी

केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यावरून पाणी पडतं, त्याच्या पायथ्याशी ते उलटं फिरून भिंतीकडे येतं. त्यात सापडलेली वस्तू तिथल्या तिथे घुसळत राहते, आणि फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की अंग नीट तरंगत नाही. लाइफ जॅकेट घातलेली माणसंही यातून सुटलेली नाहीत. इथे तुलनेला जागाच नाही. खालच्या अंगाला पाणी शांत होतं तिथे जाऊन थांबा, कुत्रा फेकला गेला तर तिथेच येईल.

विहिरीत जीव वाचवणारा कंबरेचा दोर वाहत्या पाण्यात जीव घेतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. प्रवाहात दोर ताणला की तो माणसाला पाण्याखाली दाबून धरतो आणि गाठ सुटत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धट्ट्याकट्ट्या माणसाला पाडतं.

समुद्र आणि बर्फ

कोकणात किंवा गोव्यात आत ओढणारा प्रवाह सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याच्याविरुद्ध कोणी पोहू शकत नाही. जीवरक्षकाला हाक मारा, तो नसेल तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४. परदेशातल्या मंडळींसाठी एवढंच: कुत्र्याचं वजन न पेललेला बर्फ तुमचं वजन पेलणार नाही, आणि गार पाण्यात पडताक्षणी धाप लागून नाकातोंडात पाणी जातं.

नदीकाठी फिरायला नेताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस घाला, पाठीवर मूठ असलेला. शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी त्यात अडकवता येते. गळपट्ट्यात अडकवली तर फास बसतो. पग, बुलडॉग, डॅशहुंड यांना पोहणं जेमतेमच जमतं, त्यांना काठाजवळ मोकळं सोडूच नका. आणि १०१ ला फोन करायला संकोचू नका. शहरांत अग्निशमन दलाची माणसं प्राण्यांच्या सुटकेला जातात, आणि त्यांच्याकडे शिडी, जाळी, लाइफ जॅकेट असतं.

हे सगळं करूनही कधीकधी कुत्रा हाती लागत नाही. त्याचं दुःख घरातल्या माणसाच्या जाण्याइतकंच खोल असतं, हे मला कबूल आहे. तरीही घरच्यांनी दोघांना गमवावं, हे मला पटत नाही.

बाहेर काढलेला कुत्रा श्वास घेत नसेल तर त्याला कुशीवर झोपवा, जीभ पुढे ओढून तोंडातला चिखल काढा, छातीवर ३० दाब आणि त्याचं तोंड मिटून नाकातून २ श्वास असं चालू ठेवा. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. चालता-फिरता झाला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उफाळतो. पुराच्या पाण्यात तुम्हीही भिजला असाल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) औषधाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.