रॅले स्पोर्ट्स, अख्खा पावसाळा काढून: सगळं झकास, कॉटर (पायडलचा दांडा अक्षाला धरून ठेवणारी पीन) सोडून

काल फर्मागुढीच्या चढावर डाव्या पायात परत तो टक् सुरू झाला, दर फेरीला एक, पायडल खाली जाताना. म्हटलं आता लिहूनच टाकतो.

सायकल मामाची. नॉटिंगहॅमची रॅले, २६×१⅜ चाकं, मागच्या चाकाच्या मधोमध स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब आणि त्यावर १९५८ चा शिक्का, म्हणजे इथे पोर्तुगीज होते तेव्हाची. रंगाला हात लावला नाही, पावडर कोटिंगचा भाव ऐकला आणि पॉलिश पेपर घेऊन स्वतःच बसलो. पैसे घातले ते दोन जागी, पुढे अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि मागे १८ ऐवजी २२ दातांचं चक्र.

रिम वसूल. पावसात म्हार्दोळकडे उतरताना स्टीलच्या रिमवर ब्रेक दाबायचा आणि मंगेशाला हात जोडायचे अशी गत होती, आता जुन्याच ब्रेकवर गाडी थांबते. पुढचा हब ३२ भोकांचा त्यामुळे रिम सरळ बसली. मागचा ४० भोकांचा, त्याची रिम शोधायला गेलात तर किंमत ऐकून सायकल परत माळ्यावर टाकाल. मागे स्टीलच ठेवा, थांबवण्याचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो.

हबला मात्र पहिले काही आठवडे मी शिव्या घातल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे पाय अचानक मोकळा फिरायचा, उभं राहून मारत असाल तर दातच जायचे. मग केबल नीट लावली: दुसऱ्या गिअरला टाकायचं, उजव्या नटच्या भोकातून बघायचं, आतली दांडी अ‍ॅक्सलच्या टोकाशी बरोबर आली पाहिजे. त्यानंतर एकदाही सुटला नाही, त्यामुळे शिव्या मागे. अधूनमधून तेलाचे चार थेंब एवढाच त्याचा खर्च. आणि २२ चं चक्र तर नुसत्या स्क्रू ड्रायव्हरने सर्कलिप, म्हणजे चक्र धरून ठेवणारी कडी, काढून बसतं, साखळी थोडी वाढवली की झालं, चढ निम्मा झाल्यासारखा वाटतो.

आता कॉटर. वीस-पंचवीस रुपयांची पीन, आणि अख्खी सायकल तिच्या मर्जीवर. हल्ली मिळते ती इतकी मऊ की तिरका भाग चेपतो आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हलायला लागतो. आमच्याकडे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने सायकलला हात न लावता सांगितलं, "पीन मोव आसा बाब." दुकानदाराला मात्र कळेना. तो नट आवळत बसला. अहो, नटने पीन आत ओढायची नसते! कानसीने दोन्ही पिनांचा उतार सारखा करायचा, क्रँकखाली भक्कम आधार द्यायचा, नाहीतर हातोडीचा मार छर्ऱ्यांच्या वाटीवर जातो, मग पीन ठोकून बसवायची आणि नट शेवटी, तोही बेताने. थोडं चालवून परत एकदा ठोकायची.

त्याने उलट मला सल्ला दिला, कॉटरच काढून टाका, नवीन सीलबंद बीबी (क्रँकचा अक्ष आणि बेअरिंग एकत्र) घाला, सगळ्यांना बसते. पैसे आगाऊ घेतले. बसली नाही, बसणारच नव्हती, कारण या जुन्या रॅलेचे आटे इंचाला २६, बाजारातल्या बीबीचे २४. आता म्हणतो पाकीट फोडलं, परत घेता येत नाही. फोडलं कोणी? त्यानेच, माझ्यासमोर! चतुर्थीच्या आधीपासून हे भांडण चालू आहे आणि मी सोडणार नाही.

घ्यायची का अशी सायकल? फ्रेम सरळ आणि हब फिरता असेल तर डोळे मिटून घ्या, पण कॉटर स्वतः बसवायला शिका. आणि कोणाकडे जुन्या स्टॉकमधल्या ९.५ मिमीच्या कडक पिना पडून असतील तर कळवा. फोंडा-डिचोली कुठेही येतो. 'व्हिंटेज' म्हणून भाव लावणार असाल तर नको.